डेस्कच्या सांध्यात अडकलेला कापूस

मंडळी, जुन्या डेस्कच्या नादात आज मी एका माणसाला चोर ठरवून बसलो होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी (नाव मुद्दाम लिहीत नाही) साठच्या दशकातले डेस्क विकायला होते. निमुळते तिरपे पाय, पायांना पितळी टोप्या. विकणारा म्हणाला, "मुंबईच्या कारखान्यातलं हाय, नागपूरहून आणलं."

मी खण ओढला. कारखान्याच्या डेस्कात खणाचा तळ बहुधा प्लायचा असतो. हा सागाचा निघाला. त्या काळी आपल्याकडचे सुतार कारखान्याच्या डेस्कांची नक्कल सागातच करत, कारण इथे सागच सहज मिळे. सांध्यात कापूस अडकलेला. आत कुंकवाचे स्वस्तिक, दर दिवाळीला गिरवून जाड झालेले.

म्हणजे डेस्क इथल्याच एखाद्या जिनिंगमधले, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातले. हल्ली जिनिंग बंद पडताहेत आणि त्यांचे सामान परस्पर विकले जाते. हा चोरीचा माल, असा माझा संशय पक्का झाला.

"भाऊ, खरं सांगा, कोणाचं आहे?"

"तुमाले टेबल पायजे का पंचनामा करून राह्यले?"

मी निघालोच होतो. त्याने खण बंद करताना स्वस्तिकाला बोटे लावून ती कपाळाला लावली.

मी हळूच विचारले, "जिनिंग तुमचीच ना?"

"बाबाची. बंद पडली हे कोणाले सांगू नका. कळलं तं पोरीची सोयरीक मोडते."

डेस्क घरी आणले. ग्रुपच्या नियमाप्रमाणे फोटो आणि ठिकाण टाकायला हवे, पण या वेळी माफ करा.

एकच सांगा, येत्या दिवाळीला ते स्वस्तिक मी गिरवू, की त्याला बोलावू?