अप्पांचे गुंतलेले हात

येळवस जवळ आली की मला आधी आंबिलाचा आंबूस वास आठवतो आणि मग अप्पा. कॅलेंडरवर ती वेळा अमावस्या असते, पण आमच्या दुधनीच्या बाजूला येळवस. थंडीतल्या या अमावस्येला गावात शोधून माणूस सापडत नाही. सगळे शेतात जेवायला गेलेले असतात.

आम्ही सोलापुरात राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. शेती थोरल्या काकांकडं होती. येळवशीला आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं दुधनीला उतरायचो आणि स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या बैलगाडीत बसून शेतात जायचो. ज्वारी माझ्या डोक्यावरून गेलेली असायची. मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची खोप, खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. ते पाच पांडव. त्यांच्यापुढं बाजरीचे उंडे, खीर, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, पालेभाज्या असं शेतात असेल-नसेल ते सगळं बेसन आणि चिंच घालून शिजवतात, ती भज्जी. हे पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि त्यांना अजून भजीच वाटतात.

पूजा झाली की एकानं आंबिलाचं मडकं घेऊन पिकाच्या कडेकडेनं फिरायचं, डहाळीनं आंबील शिंपडायचं आणि आरोळी ठोकायची. ती आरोळी अर्धी कानडी आणि अर्धी कुठलीच नाही. तिचा अर्थ मी भल्याभल्यांना विचारला. सगळे म्हणाले, अर्थ कशाला पाहिजे, जोरात ओरड म्हणजे झालं. हे काम अप्पांचं. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज तो, शेजारच्या तीन शेतांतली माणसं जेवण थांबवून ऐकायची. आम्ही पोरं मागून पळायचो. अप्पा त्या एका दिवशी मास्तर नसायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगावर आंबिलाचे ओघळ, आणि चेहऱ्यावर असा आनंद की घरी आल्यावर मी तो शोधत राहायचो. तसे अप्पा मला आजही हवे आहेत.

पाच पांडवांपुढं सगळे हात जोडून उभे राहायचे, तेव्हा अप्पा कुठं असायचे, हे पाहायचं मात्र मला कित्येक वर्षं सुचलंच नाही. ते तिथंच असायचे. चुलीत फुंकर घालत असायचे, नाहीतर बैलांना पाणी दाखवत असायचे, नाहीतर मडकं काठोकाठ भरून दोन्ही हातांत धरून तयार असायचे. घरी गणपतीच्या आरतीला झांजा त्यांच्याकडं. सोमवारी आईबरोबर देवळात गेले की पिशवी, छत्री आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत ते बाहेर. हातात काम असलेल्या माणसाला हात जोड म्हणून कोण सांगणार? उलट सगळे म्हणायचे, मास्तरांसारखा माणूस नाही, देवाच्या कामात कधी मागं नाहीत.

हे मला सुचलं ते फोनमुळं. माझं औषधाचं दुकान आहे. सोलापूरच्या उन्हात दुपारी दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही, तेव्हा मी फोन घेऊन बसतो. देव न मानणाऱ्यांचा एक मराठी ग्रुप आहे, त्यात मी टोपणनावानं आहे. कॉलेजात गेल्यापासून माझा देवावर विश्वास नाही. पण या ग्रुपमध्ये शिरेपर्यंत मला वाटायचं की अख्ख्या सोलापुरात हा रोग मला एकट्यालाच झालाय. ग्रुपवर पाहतो तर जत्रा भरलेली. सकाळी उठावं तर रात्रभराच्या वादाचा ढीग. मला प्रश्न पडायचा, की ही एवढी माणसं दिवसा जातात कुठं? मी तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. माझ्यासमोर रक्तदाब, मधुमेह, मूळव्याध सगळ्यांनी कबूल केलं. देव मानत नाही असं एकानंही कबूल केलं नाही.

मग एक दिवस ग्रुपमधल्या सगळ्यात जहाल गड्यानं एक फोटो टाकला. खाली लिहिलेलं, ताप गोळीनं उतरतो, अंगाऱ्यानं नाही. फोटोत गोळ्यांची कागदी पुडी होती आणि पुडीवर लिहिलं होतं, ‘सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर.’ अक्षर माझं होतं. माझा एकार इतका वाकडा पडतो की तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. त्या आठवड्यात तसल्या गोळ्या मी एकाच गिऱ्हाइकाला पुडीत बांधून दिल्या होत्या. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ नेहमीप्रमाणं आले. कपाळाला अंगारा लावलेला. मी अंगाऱ्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्या मागं टांगलेल्या, मीच सकाळी उदबत्ती ओवाळलेल्या लक्ष्मीच्या तसबिरीकडं पाहिलं. मी गोळ्या दिल्या आणि पाणी भरपूर प्या म्हणालो. ते बरं म्हणाले आणि गेले. त्यांना काही कळलं का, मला सांगता येणार नाही. मी मात्र दुपारभर एकटाच हसत होतो.

हसू ओसरल्यावर अप्पांच्या हातांचं ते सगळं एकदम ध्यानात आलं. आमच्याकडं देव मानतोस का, असं कुणी विचारतच नाही. नारळ आणलास का, असं विचारतात. नारळ आणला की विषय संपला. कुणाचं मन मोडत नाही, कुणी खोटंही बोलत नाही. फोनवर नारळ आणायची सोय नाही, तिथं नुसतं बोलायचं असतं. आणि समोर अनोळखी माणूस असला की मी कोण, इथपासून सांगावं लागतं. म्हणून तिथं आम्ही उठून दिसतो. बाहेर आम्ही चपला सांभाळत असतो.

हे अप्पांना विचारायचं मी ठरवलं होतं. भांडायला नव्हे, नुसतं त्यांच्याशेजारी बसून म्हणायचं होतं, अप्पा, तुम्हीपण का? आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो आणि अप्पा गेले. एका घरात दोन माणसं चाळीस वर्षं एकाच गोष्टीबद्दल गप्प राहिली. याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं दुसऱ्या कशाचंच वाटत नाही.

मग उरली आई. आईचा दिवस देव्हाऱ्यापासून सुरू होतो. अप्पा गेल्यावर तर तिला तेवढाच आधार. मधे ग्रुपवर एका मुलीनं सगळ्यांना विचारलं होतं, तुमच्या घरी माहीत आहे का? इतर वेळी मुद्देसूद भांडणारे आम्ही सगळे त्या दिवशी चिडीचूप. मी फोन खाली ठेवला. अप्पांच्या बाबतीत झालं ते आईच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं. पण भीतीही वाटत होती. या वयात तिचं मन मोडलं तर ते पुन्हा जोडायला माझ्या दुकानात औषध नव्हतं.

अप्पांना जाऊन वर्ष उलटलं आणि येळवस आली. शेत आता चुलतभाऊ बघतो. त्याचा आधीच फोन आला, यंदा मडकं तू घ्यायचंस, आवाज तुझ्या बापाचाच हाय. मी हो म्हणालो.

आम्ही आता गाडीनं जातो, तासाभरात शेत येतं. शेतात तूर जास्त, ज्वारी थोडी. खोप मात्र तशीच होती. आईला बोरीच्या सावलीत सतरंजीवर बसवलं. खोपीत पूजेची मांडामांड चालली होती. मी तिच्याजवळ बसलो, ढेकळं फोडत राहिलो आणि शेवटी एका दमात सांगून टाकलं. आई, माझा देवावर विश्वास नाही, कधीपासूनच नाही. मडकं घेऊन फिरीन, मला ते आवडतं, पण तुला फसवायचं नाही.

आई बोराच्या बिया पदराच्या टोकात गोळा करत होती. ती थांबली नाही.

“हे सांगायला सकाळपासनं तोंड सुकवून बसलास व्हय?” ती म्हणाली. “मला ठाव हाय की.”

मी विचारलं, अप्पांचं? तर म्हणाली, तेही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अप्पांनी तिला सांगितलं होतं, की माझं मन देवावर बसत नाही, तू तुझं कर, मी आडवा येणार नाही. म्हणजे माझे अप्पा गप्प नव्हतेच. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं त्याला सांगून ते मोकळे झाले होते, आणि मग जन्मभर आनंदानं झांजा वाजवत राहिले. मला त्या क्षणी अप्पांचा हेवा वाटला. मी आईला विचारलं, तुला वाईट नाही वाटलं?

“वाटलं की. लई वाटलं. चार दिवस बोलले न्हाय त्यांच्याशी. मग म्हटलं, माणूस चांगला हाय, नमस्काराचं तेवढं मी बघते. त्यांच्या वाटचा नमस्कार मीच करायला लागले. तू कालेजात गेलास आन् देवाम्होरं नुसता खांबावानी उभा राहायला लागलास, तवापासनं तुझाबी.”

ती सहज बोलावं तसं पुढं बोलत होती, गुडघे दुखतात, वाकवत नाही, पण एक दिवस चुकवलेला नाही.

“आन् अप्पांचा? अजून करतीस?”

“त्यांचा बंद केला. ते आता जितं हायत तितलं त्यांचं त्यांनी बघावं,” आई म्हणाली. मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “तुझा चालू हाय. फकस्त माझ्यामागं तुझा कोण करंल, तेवढीच काळजी लागून ऱ्हाती.”

खोपीतून माझ्या नावानं हाका सुरू झाल्या. मला रडू आवरेना. चुलतभाऊ भरलेलं मडकं घेऊन समोर येऊन उभा राहिला, त्यानं मला पाहिलं, आईला पाहिलं, आणि मडकं हातात धरून थांबून राहिला.