सोमीने न काढलेली पावलं

सोमीला भिंत दिसली की तिचा उजवा हात आपोआप हलतो, असं तिचा नवरा बारक्या सांगतो. बारक्या पुष्कळ गोष्टी सांगतो आणि त्यातल्या निम्म्या ताडीच्या असतात. पण ही खरी आहे. एकदा तलासरीत दवाखान्याच्या रांगेत उभी असताना समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत ती हवेतच बोटाने चौकट ओढू लागली, तेव्हा मागच्या बाईने "हिला आधी आत घ्या हो, हिला फिट येतेय," म्हणून ओरडा केला होता. सोमीचा नंबर त्या दिवशी लवकर लागला.

सोमी धवलेरी आहे. म्हणजे लग्न लावणारी, लग्नाची गाणी गाणारी बाई. पाड्यावरच्या लग्नात आधी धवलेरी, मग बाकीचे सगळे. शेणाने सारवून गेरू फिरवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढायचा, मधोमध पालघट देवी बसवायची, भोवती झाडं, शिडी, फणी, चंद्र-सूर्य. हे काम सोमी बावीस वर्षं करत होती. आसपासच्या सात पाड्यांतल्या सुना-लेकी तिच्या चौकाखालून गेलेल्या.

तिच्या सासूकडून आलेली एक रीत होती. देवीची पावलं सगळ्यांत शेवटी काढायची. पावलं काढताना नवरीचं, तिच्या आईचं आणि आईच्या आईचं नाव घालून चार ओळी म्हणायच्या, त्याही ओठातल्या ओठात. त्या म्हणत म्हणत पावलं उमटली की देवी भिंतीत उभी राहते. त्याआधी ते नुसतं चित्र. ही रीत मांडवाबाहेर बोलायची नाही आणि कुणाला आपणहून शिकवायची नाही. शिकणारीने सुपारी घेऊन यायचं, मागायचं, मग द्यायची. सोमीकडे अजून कुणी सुपारी घेऊन आलं नव्हतं. पुष्पा नावाची शेजारच्या पाड्यावरची बाई तिच्या मागे सूर धरायची, चौकाच्या कडा भरायची. पण मागायचं राहून जात होतं. सोमी काही म्हातारी झाली नव्हती. कुणालाच घाई नव्हती.

तिला स्वतःचं मूल नाही. मेलेल्या बहिणीची मुलगी निलम तिनेच वाढवली. निलम बारावी झाली, डहाणूला एका कपड्याच्या दुकानात कामाला लागली, आणि बोर्डीकडच्या एका वाडीत चिकूच्या बागा सांभाळणाऱ्या सुरजशी तिचं ठरलं. ठरलं त्या दिवशी सोमीने घरातली आतली भिंत हाताने चाचपून पाहिली. "पोपडे आलेत," एवढंच म्हणाली. बारक्याला कळलं की आता लग्न होईपर्यंत त्या भिंतीला कुणी टेकून बसायचं नाही.

त्याआधीच्या हिवाळ्यात बोर्डीच्या सुरूच्या बनात शूटिंगवाले आले होते. 'काळवेल' नावाची मालिका. तीन जाडजूड खंडांच्या कादंबरीवरून काढलेली, राजकन्या, शापित जंगल आणि उडणारे रेडे असलेली. कादंबरीतल्या जंगलराज्यात लग्न होतं आणि भिंतीवर एक जुनं चित्र असतं, एवढंच पुस्तकात लिहिलेलं. कलाविभागातली सई नावाची मुलगी गाडी घेऊन पाड्यावर आली.

"आम्हाला ऑथेंटिक हवंय," सई म्हणाली.

"ते काय असतं?" बारक्याने विचारलं.

"म्हणजे खरंखुरं."

"नवरी खरी हाय?" सोमीने विचारलं.

सई हसली. "नवरी अॅक्ट्रेस आहे, मावशी. तिचं ऑलरेडी लग्न झालंय."

सोमीने बराच विचार केला. मग गेली. प्लायवूडच्या भिंतीवर तिने दोन दिवस चौक काढला आणि देवीला पावलं काढली नाहीत. गाणंही म्हटलं नाही. सुपारी कातरत, इकडच्या-तिकडच्या गप्पा मारत काढला. "झालं?" सईने विचारलं. "झालं," सोमी म्हणाली. तिच्या हिशेबाने ते नुसतं चित्र होतं, दुकानातल्या पिशवीवर असतं तसं.

मालिका पुढच्या वर्षी आली. चौथ्या भागात लग्न. पाड्यावर ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तेच. सोमीचा चौक पडदाभर दिसला तेव्हा सगळे ओरडले, "आपला चौक!" आणि मग ओरडायचे थांबले. कारण देवीला पावलं होती. ती लाल झाली, भिंतीतून उतरली, जमिनीवर एकेक ठसा उमटवत राजकन्येपर्यंत गेली, आणि राजकन्या बसल्या जागी राख झाली.

मुंबईत कुठल्यातरी थंडगार खोलीत कुणीतरी पाहिलं असणार की चित्राला पाय नाहीत, बाई विसरली. मग त्याने काँप्युटरवर पाय चिकटवले.

"ही माझी पावलं नाय," सोमी म्हणाली. "यांना बोटं हायेत बघ. पाच-पाच. आपण कवा बोटं काढतो?"

बारक्याने मोबाइल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला. "हायेत खरी," तो म्हणाला. पण ते त्याने पाहिलं. बाकीच्यांनी राख पाहिली होती.

त्या बोटांकडे आणखी एका माणसाचं लक्ष गेलं. डहाणू स्टेशनसमोर मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसणारा दिपक. वडील रेल्वेत, मुलाने बँकेच्या परीक्षा चार वेळा दिलेल्या, आणि उरलेल्या वेळात तो 'काळवेल'मधली गुपितं उलगडून सांगणारे व्हिडिओ करायचा. राणीच्या नथीत किती मोती, रेड्याच्या शिंगाला कुठे चीर. त्याने त्या दहा बोटांवर अठरा मिनिटांचा व्हिडिओ केला. डाव्या पायाची पाच बोटं म्हणजे पाच राज्यं, उजव्याची पाच म्हणजे पाच विश्वासघात, आणि करंगळी आखूड आहे म्हणजे धाकटा राजपुत्र पुढच्या पर्वात मरणार. लोकांनी खाली लिहिलं, 'भाई, तू देव आहेस.'

इकडे सुरजची आई नवशी पाड्यावर आली. बाई कडक, पण आततायी नव्हे. पाणी प्याली, तब्येतीचं विचारलं, मग म्हणाली, "सोमीबाय, आमच्याकडं लोक बोलतात. तू लग्न नसताना देवी उभी केलीस. ती नवरी जाळून गेली."

"मी उभी नाय केली."

"मना दिसली ती."

"ती पावलं माझी नायत, नवशीबाय. शपथ घेते."

"मग कुणाची?"

शूटिंगवाल्यांची म्हटलं तर आपण का नाही काढली ते सांगावं लागणार, म्हणजे मांडवाबाहेर न बोलायचं ते बोलायला हवं. सोमीने रिकामा तांब्या उचलला. नवशीने त्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढला. तरी जाताना म्हणाली, "मी अजून काय ठरवलं नाय. लग्नाला दीड महिना हाय."

निलमला हे कळलं तेव्हा ती दुकानातून रडत आली. "मावशी, माझ्या लग्नात दुसरीचा हात भिंतीला लागला तर मी लग्न नाय करणार."

"येडी हायस."

"मग खरं काय ते सांग ना एकदा! सगळ्यांना दिसेल असं सांग. तो दिपक आमच्या दुकानाच्या पुढेच बसतो. त्याचं सगळे ऐकतात."

सोमीने चार दिवस नाही म्हटलं. पाचव्या दिवशी पाड्यावरच्या एका घराने बारशाच्या गाण्यांना तिला बोलावलं नाही, आणि ती हो म्हणाली.

दिपक आला तो छत्रीएवढा दिवा घेऊन. दिवसाढवळ्या अंगणात दिवा लावला तेव्हा कोंबड्या गोंधळल्या. "काकी, तुम्ही फक्त नॉर्मल बोला," तो म्हणाला. "मी मध्ये बोलणार नाही." मग तो सगळा वेळ मध्येच बोलत होता. वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो या बाईला न्याय मिळवून देतोय. आपल्या पाच राज्यांची थिअरी मोडणार याचं दुःख त्याने मोठ्या मनाने गिळलं होतं.

"मग पावलं का नाही काढली, काकी?"

सोमीने निलमकडे पाहिलं. निलमने मान हलवली.

"पावलं शेवटी काढतात," सोमी म्हणाली. "पावलं काढली की ती उभी राहते. तिथं कुणाचं लग्न नव्हतं. मंग कशाला तिला उभी करायची? म्हणून नाय काढली."

"आणि काढताना काही म्हणता?"

"म्हणतो."

"काय?"

"ते नाय सांगायचं."

"ओके, ओके. पण नावं वगैरे असतात का त्यात? नवरीचं?"

"असतात," सोमी म्हणाली, आणि लगेच तोंडावर पदर धरला. तेही व्हिडिओत आलं. दिपकने तिथे संगीत टाकलं.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. लोकांनी सोमीला आदिमातेपासून फेमिनिस्टपर्यंत काय काय केलं. कुणी त्या पावलांचा टॅटू काढून घेतला, बोटांसकट. दिपकला पहिल्यांदाच मुंबईहून फोन आला. आणि आठवड्याने नवशी आली. या वेळी पाणी प्याली नाही.

"पटलं मना," ती म्हणाली. "तू तिथं देवी उभी नव्हती केली. माझी चूक झाली."

निलमने आनंदाने मावशीचा हात धरला.

"पण आता सांगितलंस. लोकांपुढं बसून सांगितलंस, कशी उभी राहते ते. माझी सासू धवलेरी, तिने मरताना नवऱ्यालाही नाय सांगितलं, आणि तू त्या मोबाइलवाल्या पोऱ्याला सांगितलंस." नवशीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तवाचा बोभाटा खोटा होता, सोमीबाय. आता कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"मी सांगायला लावलं, आत्या! मी आणलं त्याला!" निलम म्हणाली.

"तू पोर हायस."

ठरलं असं: चौक पुष्पा काढेल. सोमीने भिंतीला हात लावायचा नाही, सूर धरायचा नाही. निलम म्हणाली, मग मोडा लग्न. सोमीने तिला पुढच्या अंगणात नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक थोबाडीत दिली. आत येताना सोमी म्हणाली, "पुष्पाचा हात चांगला हाय. कडा बघितल्यास ना तिच्या?"

मग सोमी वाट बघू लागली. पुष्पा सुपारी घेऊन येईल आणि चार ओळी मागेल. पुष्पाला पावलं शेवटी काढतात एवढं माहीत होतं. ते आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. पण ओठातल्या ओळी तिने कधी ऐकल्या नव्हत्या. सोमी घराबाहेर जाईना. बारक्याने बाजाराला चल म्हटलं तर म्हणे, कुणी येईल. पुष्पा एकदा आली, पीठ किती भिजवायचं ते विचारायला, दारातूनच. सोमीने तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"अजून काय विचारायचं हाय?" सोमी म्हणाली.

पुष्पा घुटमळली. "नवशीबाय म्हणाली, तुझ्याकडून काय घ्यायचं नाय," ती म्हणाली, आणि मान खाली घालून गेली. आपणहून हाक मारायची रीत नव्हती. आणि एकदा रीत मोडून बसलेल्या बाईला दुसऱ्यांदा मोडायचं बळ उरत नाही.

लग्नाच्या दिवशी सोमीने तांदूळ दळले, भात टाकला, पाहुण्यांना पाणी दिलं. भिंत आदल्या दिवशी दुसऱ्या बायकांनी सारवली होती, खालच्या कोपऱ्यात जरा ओबडधोबड. पुष्पा सकाळपासून काढत होती. झाडं छान आली, शिडी छान आली. बाहेर तारपा वाजत होता आणि बारक्या त्या वाजवणाऱ्याला चुकलास म्हणून शिकवत होता. दुपार कलली तेव्हा आत बायकांचा आवाज बारीक झाला. सोमी हातातली कळशी घेऊन उंबऱ्याशी थांबली. आत जायचं नव्हतं; उंबऱ्यापर्यंत कुणी ना म्हटलं नव्हतं.

पुष्पाने काडी पिठात बुडवली. नवशी तिच्या शेजारी बसली होती. निलम पाटावर, डोळे मिटून. सोमी पुष्पाच्या ओठांकडे बघत होती.

ओठ हलले नाहीत. पुष्पाने एक रेघ ओढली, मग दुसरी, काडी बाजूला ठेवली आणि निश्वास सोडला. ओळी ओठातल्या ओठात झाल्या असं धरून बायकांनी गाणं उचललं. नवशीने समाधानाने मान हलवली.

भिंतीवर नुसतं चित्र होतं. हे पुष्पाखेरीज त्या घरात एकाच बाईला माहीत होतं. ती बोलली असती तर गाणं थांबलं असतं, नवशीने वऱ्हाड परत नेलं असतं, आणि पाटावरची पोर उठून तिच्याच बाजूने भांडली असती. सोमीच्या ओठांवर नावं आली होती. निलम, तिची आई, आणि आईची आई, म्हणजे सोमीचीही आई. तिने कळशी कमरेवर घट्ट धरली आणि ओठ मिटले.

निघताना निलम गळ्यात पडली. मुंडावळ्या सोमीच्या कानातल्यात अडकल्या, त्या सोडवताना दोघी हसल्या.

"मावशी, चौक नीट झाला ना? तू पाहिलास ना?"

"पाह्यला."

"नीट होता?"

बारक्या जीपच्या टपावर ट्रंक बांधत होता. तो वळून सोमीकडे बघू लागला.

"नीट होता," सोमी म्हणाली. "जा आता. ते थांबलेत."