वसंताच्या नावाचं बीड

वसंता गेल्याचं मला अण्णानेच फोनवर सांगितलं. धाकट्या भावाशी वर्षानुवर्षं न बोललेला माणूस, आणि हुंदके देत होता! मला आधी रडू नाही आलं… राग आला. महिना उलटला, तरी तो उतरलेला नाही.

वसंता जन्मला त्या वर्षी आमच्या वडिलांनी बेळगोळला फौंड्री काढली आणि तिला त्याचंच नाव दिलं. उसाच्या चरकाची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दातेरी चाकं ओतायची, आणि प्रत्येक चाकावर उठावदार कन्नड अक्षरांत ‘वसंत’. थोरल्या अण्णाला ते कायम खुपलं. पुढे खरेदी-विक्री अण्णाकडे आली, भट्टी वसंताकडे. वितळलेल्या बिडात तो निकेलचे तुकडे घालायचा. “अक्का, चाकाचे दात बारीक, लवकर निवतात, मग ठिसूळ होतात. निकेल असलं की जाड-बारीक सगळं सारखं मजबूत,” हे मी चपात्या लाटताना ऐकायचं! “साकु रे बाबा, पुरे!” म्हटलं तरी थांबतोय कसला.

निकेल महागलं तसं अण्णाने ते बंद केलं. “गिऱ्हाईक काय चाक फोडून बघतंय?” म्हणाला. मग मंड्या भागातल्या गावांतून तुटक्या दातांची चाकं परत यायला लागली. ऐन हंगामात चरक बंद पडलेले, ऊस वाळत चाललेला. लोक शिव्या घालायचे त्या वसंताला. चाकावर नाव त्याचं ना!

“अण्णा, निकेल घालणार नसशील तर माझं नाव काढ,” तो म्हणाला.

“अय्यो, नावावरच तर माल खपतो!”

त्या दिवशी वसंता बाहेर पडला तो कायमचा. नव्या नोकरीतही कुणीतरी विचारलंच, ‘तुटक्या चाकांचे वसंत ते तुम्हीच का?’ सांगताना हसायचा… पण आतून जळत होता, मला दिसायचं. मी दोघांत मध्यस्थी करून थकले. अण्णाचं आपलं एकच, “सुम्ने, उगाच हट्ट करतोय, येईल परत.” कसला येतोय!

तेराव्याला पंगत उठली तसा अण्णा वसंताच्या बायकोजवळ, कमलजवळ, येऊन बसला. “फौंड्रीच्या दारावर त्याच्या नावाची बिडाची पाटी लावतोय. स्वतः उभा राहून ओतून घेतो.”

“निकेल घालणार?” कमलने विचारलं.

“अगं, भिंतीवरची पाटी ती! तिला कशाला निकेल?”

“मग नावही घालू नका.”

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. आजवर प्रत्येक वेळी मीच सावरून घेत आले होते. मी उठले आणि जेवणाची उष्टी पानं उचलायला लागले.