रुईच्या खोलीतली कॅसेट

छत्तीसगड वेगळं होणार हे पक्कं झालं आणि ग्वाल्हेरच्या सरकारी नोकरांच्या घरांत रायपूरला बदली होणाऱ्यांच्या यादीची धास्ती शिरली. त्याच दिवसांत कॉलेजातली चार पोरं माझ्या दुकानात आली. खासगी बाजार नावाच्या पेठेतलं हे गाद्या-रजयांचं दुकान मी पडाव भागात हातगाडीवर उशा विकून उभं केलेलं. पोरांना गादी नको होती. त्यांना मागची रुईची खोली हवी होती, आठ दुपारी. डेथ मेटल नावाच्या कर्कश इंग्रजी संगीताच्या धर्तीवर कॅसेट रेकॉर्ड करायची होती आणि रुईत आवाज घुमत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. ड्रम वाजवणाऱ्याच्या वडिलांचं नाव रायपूरच्या यादीत आलेलं, म्हणून घाई.

हंगाम रजयांचा. मी साफ नाही म्हणालो. माझा सौदा तिथूनच सुरू होतो. शेवटी ठरलं, भाडं नको, पण कव्हरवर माझ्या दुकानाचं नाव ठळक छापायचं. बाजारातल्या जुन्या दुकानदारांनी मला कधी आपल्यातला मानलं नव्हतं. छापलेलं नाव मला हवंच होतं, मग कागद कुठलाही असो.

सात दुपारी आतून जे ऐकू आलं त्यातला शब्दही कळला नाही. गाणारा घशाच्या तळातून गुरगुरायचा. गिऱ्हाइकं विचारायची, आत कुणाला उलट्या होतायत का. मी चिडून दार लावायचो, पुन्हा कान द्यायचो. नाव माझं जाणार होतं. आठव्या दुपारी मी गाण्यांचे कागद मागितले.

सडलेली प्रेतं, किडे, कवट्या. तेवढं मी हसत वाचलं. शेवटच्या गाण्यात एक जण मेलेल्याच्या नावाने दान दिलेल्या गादीवर झोपतो. आतली रुई त्याच्याही आधी मेलेल्या कुणाची, पुन्हा पिंजून भरलेली, आणि ती त्याच्या कानाशी बोलत राहते.

तेराव्याला गुरुजींना देतात ती शय्यादानाची गादी. मी गाणाऱ्याला बाहेर बोलावलं आणि हे कुठून उचललंस म्हणून विचारलं.

“माझे बाबा गुरुजी आहेत, काका. हमारे यहाँ विकत आणलेली गादी एकपण नाहीये. तुमच्या दुकानच्या गादीतून शर्टाचं बटण निघालं होतं. अजून आहे माझ्याकडे.”

माझं डोकं फिरलं. मी त्याला सुनावलं की स्वतःच्या रजईला लोक मुकाट पैसे देतात आणि मेलेल्याच्या गादीला भाजीसारखी घासाघीस करतात. त्या भावात नवी रुई कुठून घालू? मग मी सौद्यावर आलो. गाणं काढा, खोली आणखी चार दुपारी घ्या. वर म्हटलं, तसंही ऐकून कुणाला काय कळणार आहे. शब्द कव्हरवर छापणार आहोत, असं तो म्हणाला.

“गाणं राहील, काका. तुमचं नाव पण राहील, कबूल केलंय. नको असेल तर सांगा.”

नाव नको, म्हणालो.

रायपूरला निघण्याआधी ड्रमवाला कॅसेट देऊन गेला. कव्हरवर आभार आहेत, समोरच्या चहावाल्याचेसुद्धा. खोली माझी, रुई माझी, शेवटचं गाणंही माझ्याच गादीवरचं, आणि नाव चहावाल्याचं. अजून ते आठवलं की दुकानात बसवत नाही.

शय्यादानाची गादी अजूनही मी त्याच भावात देतो. फक्त भरण्याआधी जुनी रुई स्वतः चाचपून बघतो. बटणासाठी.