धुकेदाणी

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईला जे वाण मिळे, त्यावर माझा डोळा असायचा. गाळण्या, साबणदाण्या, फण्या. आईच्या लेखी तो प्लास्टिकचा पसारा होता, माझ्या लेखी हेरगिरीचं साहित्य. गाळणी पाळतीच्या कॅमेऱ्यापुढे धरली की माणूस वर अडकायचा आणि पडद्यावर नुसती रिकामी भिंत उतरायची. साबणदाणीतून अंगाई निघायची, ती ऐकून कॅमेरा पेंगायचा. सगळ्यात जालीम धुकेदाणी, म्हणजे प्लास्टिकची गुलाबदाणी. ती शिंपडली की कॅमेरा ठार आंधळा.

खरा कॅमेरा आम्ही कुणी पाहिलाच नव्हता. खालच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण कॅमेरा व्हायची. जिन्यात उभी राहून मान इकडून तिकडे फिरवायची, आणि मी धुकेदाणी शिंपडली की डोळे मिटायची. मी ‘झालं’ म्हणेपर्यंत उघडायची नाही, नाकावर माशी बसली तरी नाही. इतका प्रामाणिक कॅमेरा साऱ्या दिल्लीत नसेल.

मग तिच्या बाबांनी सरकारी नोकरी सोडून कंपनीतली धरली आणि ते गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेले. पुढच्या संक्रांतीला तिच्या आईने आम्हाला बोलावलं. फोनवर मैत्रीण म्हणाली, "आमच्या गेटवर खरा कॅमेरा लागलाय." मी सगळी यंत्रं पिशवीत भरली. खरा कॅमेरा आंधळा करायला तिला माझ्याशिवाय कोण मिळणार होतं? बसमध्ये मला दम धरवत नव्हता.

गेटपाशी ती होती आणि चाकांचे बूट घातलेली एक पंजाबी मुलगी होती. एकीने कॅमेऱ्यासमोर नाचायचं आणि दुसरीने चौकीदाराच्या केबिनमधल्या छोट्या टीव्हीवर बघायचं, असा त्यांचा खेळ चालला होता. दोघी हसून लोटपोट होत होत्या. मी पिशवी उघडून म्हणाले, "आधी गाळणी लावू, मग धुकं सोडू."

"बंद कशाला करायचा, यार?" मैत्रीण म्हणाली. "मग आम्ही दिसणार कशा?"

त्या ‘आम्ही’त मी नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मुलीचा राग आला, तिच्या चाकांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या खांबावरच्या काळ्या डब्याचा आला. मी तिच्यासाठी वर्षभर यंत्रं जपत होते, आणि तो काहीही न करता तिचं सगळं नाचणं बघत होता. वरच्या मजल्यावर बायका तिळगूळ वाटून एकमेकींना गोड बोलायला सांगत होत्या. मला विचारलं असतं तर मी त्या दिवशी कुणाशी गोड बोलले नसते.

"तू पण नाच ना," ती म्हणाली. मी नाचले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. ती टीव्हीवर मला शोधेल असं वाटत होतं, पण मी उभी होते तिथवर कॅमेरा पोचतच नव्हता.

निघताना ती गेटपर्यंत सोडायला आली. आई पुढे गेली होती. मी पिशवीतून धुकेदाणी काढली आणि तिच्या तोंडासमोर शिंपडली.

ती टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली. "अगं, रिकामी आहे ही," ती म्हणाली.

मी ‘झालं’ म्हटलं आणि आईच्या मागून बसस्टॉपकडे निघाले.