तळ्याचं पांघरूण

आमच्या ह्यांना एक वेळ जेवायला दिलं नाही तरी चालेल, पण काम द्या. पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. उपअभियंता शशिकांत उमाळे येताना दिसले की अकोल्याकडचे कालव्यावरचे चौकीदार सायकलवरून खाली उतरायचे. आता हे अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाच्या घरी डिशवॉशरमध्ये भांडी लावतात, आणि चुकीची लावली म्हणून आमची सून नीना ती परत लावते. बोलत काही नाही ती, नुसती परत लावते. तेच जास्त लागतं.

पाच वर्षांपूर्वी आम्ही कायमचे आलो तेव्हा विक्रमने हे घर नुकतंच घेतलं होतं. मागच्या अंगणात आधीच्या मालकाचं तळं, आणि त्यात सोळा कोई मासे. हातभर लांब, केशरी-पांढरे, अंगावर काळे डाग. आमची नात रुही तेव्हा चार वर्षांची. तिने एकेकाला नाव देऊन टाकलं. नोव्हेंबरात विक्रम म्हणाला, "बाबा, विंटरमध्ये हे तळं कव्हर करावं लागतं म्हणे. बघता का जरा?"

झालं! ह्यांच्या अंगात वारं शिरलं. तीन दिवस टेप घेऊन तळ्याभोवती फेऱ्या. मग कागदावर नकाशा उतरला. नळ्या वाकवून कमानी, त्यांवर जाड पारदर्शक प्लॅस्टिक, बर्फाचं वजन किती येईल त्याचं गणित, सामानाची यादी, आणि सगळ्यात खाली 'मंजुरीसाठी सविनय सादर'. विक्रमने हसत हसत 'मंजूर' लिहून सही ठोकली. ह्यांनी तो कागद फाइलला लावला. मग दर ऑक्टोबरला नवा कागद, नवी सही.

कामाला मीही होते बरं का! प्लॅस्टिकच्या कडा दाबायला वाळूच्या पिशव्या हव्या होत्या, तर ह्यांच्या जुन्या पँटींचे पाय कापून मी शिवून दिल्या. तळ्याभोवती नुसते पायच पाय. नीना म्हणाली, "आई, शेजारी काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत, इंग्रजीतच म्हणतील ना.

पाण्यात एक छोटा हीटर होता, बुडबुडे सोडणारा पंप होता. बाकी ह्यांची एकच अट, कुठे फट नको. ज्याचा जन्म कालव्यांची गळती थांबवण्यात गेला, तो फट ठेवणार आहे का? प्लॅस्टिकच्या कडेकडेने हात फिरवत जायचे, आणि जराशी हवा लागली की तिथे आणखी एक पिशवी.

तरी दर एप्रिलला प्लॅस्टिक उघडलं की एक-दोन मासे उलटे तरंगताना दिसायचे. रुही उठायच्या आत हे त्यांना कुंपणापाशी पुरून यायचे. "थंडी फार होती यंदा," एवढंच म्हणायचे, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. चार हिवाळ्यांत सोळाचे नऊ झाले. दर वर्षी नकाशात सुधारणा व्हायची, कमान उंच कर, प्लॅस्टिक दुहेरी कर. मला म्हणायचे, "सुमित्रा, एकच हिवाळा असा काढायचाय की रुहीला एकही मासा कमी मोजावा लागणार नाही. मग मी भरून पावलो."

गेल्या वर्षी जानेवारीत प्लॅस्टिकवरचा बर्फ झाडूने लोटताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. दोन महिने ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावली.

ऑक्टोबरात नवा कागद विक्रमच्या टेबलावर गेला. दोन आठवडे झाले, सही नाही. एके दिवशी विक्रम मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आई, मी एका कंपनीला बुक केलंय. प्रॉपर कव्हर, सगळं ऑटोमॅटिक. बाबांना सांगू नकोस, सरप्राइज देऊ. परत पडले तर काय करायचं यार?" मला ती बटणं आठवली आणि मी हो म्हणाले. आता वाटतं, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी.

कंपनीची दोन माणसं आली आणि अर्ध्या दिवसात तंबू उभा करून गेली. त्याला चेनचं दार, वर जाळीच्या खिडक्या. विक्रमने ह्यांच्या खांद्यावर हात टाकला. "बाबा, आता तुम्ही फक्त रिलॅक्स करा."

"छान आहे. व्हेरी गुड," हे म्हणाले. मग टेबलावरचा बिनसहीचा कागद उचलून खोलीत निघून गेले. पोरगा वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, कडकडून भांडता तरी आलं असतं.

अख्खा हिवाळा हे अंगणात फिरकले नाहीत. पाण्याचं तापमान विक्रमच्या फोनवर दिसायचं. हे जेवताना विचारायचे, "किती आहे रे आज?" तो मान वर न करता सांगायचा, "फॉर्टी वन फॅरनहाइट, बाबा. ऑल गुड."

एप्रिलमध्ये कंपनीचा माणूस तंबू काढायला आला. आम्ही सगळे काठाशी उभे. रुही बोट नाचवत मोजायला लागली. सिक्स, सेव्हन, एट... आणि थांबली. मग ओरडलीच, "नाइन! आजोबा, नोबडी डाइड!" नीनाने टाळ्या वाजवल्या, ह्यांनीही वाजवल्या.

एवढ्यात त्या माणसाला शेडपाशी आमचं जुनं प्लॅस्टिक आणि पिशव्यांचा ढीग दिसला. कसं लावत होता, त्याने विचारलं. ह्यांनी सांगितलं, इंजिनिअर माणूस, अगदी नीट सांगितलं. तो म्हणाला, एवढं घट्ट लावायचं नसतं, वर फट ठेवायची असते. नाहीतर आत वाईट हवा कोंडते. तुमचे मासे थंडीने नाही, गुदमरून गेले असतील. बिचारा चांगल्या मनानेच बोलला. विक्रमने ह्यांच्या पाठीवर थोपटलं. "इट्स ओके, बाबा."

हे आत आले. मी चहा टाकत होते. सिंकपाशी पाठमोरे उभे राहून म्हणाले, "एक तरी मरायला हवा होता."

"अहो! जिभेला काही हाड? मुके जीव ते!" मी खेकसले.

"सात माझ्या हातून गेले," हे म्हणाले. "एक त्यांच्या हातून जायला हवा होता."

मी तोंडाला येईल ते बोलले त्यांना. पण खोटं कशाला सांगू? रुही आठवर थांबली तेव्हा नववा मासा दगडाआड होता, दिसत नव्हता. तेवढ्यात मीसुद्धा देवाला म्हणून घेतलं होतं, नको दाखवूस.