सातपर्यंतची गुढी

आम्स्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमधल्या त्या इमारतीत माझी खोली पाचव्या मजल्यावर होती. बरोबर माझ्या खाली, चौथ्यावर, एक डच म्हातारा एकटा राहायचा. मी बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घातले की तो केअरटेकरकडे जायचा. फोडणीचा वास आला की जायचा. फेब्रुवारीत केअरटेकरने मला दारातच सांगितलं, "आणखी एक तक्रार आली तर खोली सोडावी लागेल." आम्स्टरडॅमच्या आसपास विद्यार्थ्याला दुसरी खोली मिळणं म्हणजे काय, हे ज्याने शोधली आहे त्यालाच विचारावं. माझ्या वर्गातला एक मुलगा महिनोन्महिने मित्रांच्या सोफ्यांवर झोपत होता. खोली गेली की शिक्षणही गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तरी गुढी उभारायची होतीच. निघताना आईने तिच्या लग्नातला तांब्या माझ्या बॅगेत कोंबला होता. त्यावर तिचं माहेरचं नाव घातलेलं. "पाडव्याला उलटा घाल, एरवी पाणी पी," एवढंच म्हणाली होती. आमचं आठवडी बाजारात भांड्यांचं दुकान. चालायला शिकले त्याच सुमारास मी घासाघीस शिकले, आणि कॉलेजपासून इथल्या फीपर्यंत सगळं त्याच जिभेवर उभं केलं. एका केअरटेकरला मी घाबरणार नव्हते.

आदल्या दिवशी, शनिवारी, त्याला खाली गाठलं. ऊन पडलं होतं, वारा नव्हता, तोही खुशीत होता. आधी म्हणाला, बाल्कनीत काहीही चालणार नाही. मी म्हटलं, एकच दिवस. कठड्याच्या आत बांधीन. सूर्य मावळला की उतरवीन. त्याने फोनवर शनिवारचा सूर्यास्त पाहिला, सातच्या सुमारास.

"मग सात वाजेपर्यंत," तो म्हणाला. "आणि काही खाली पडलं, तर खोली गेली. अफस्प्राक?"

"अफस्प्राक," म्हणत मी हात मिळवला. ठरलं, या अर्थाचा हा डच शब्द. एकदा तोंडातून गेला की इथे पुढे बोलणं नसतं. सौदा मी जिंकला असं मला वाटलं. त्याच रात्री इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे सरकणार होती, हे ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या.

रविवारी सकाळी गुढी उभी राहिली. बागेत वेल चढवायचा बांबू, आईची हिरवी साडी, कडुलिंबाऐवजी कढीपत्ता. ऊन इतकं लख्ख होतं की तांब्याकडे बघवत नव्हतं. व्हिडिओवर आईने हात जोडले आणि बजावलं, "दिवस मावळायच्या आत उतरवू नकोस गं. वर्षभर ते घराला लागतं."

दुपारी अंधारून आलं. दहा मिनिटं गारा पडल्या आणि पुन्हा ऊन. मग पाऊस, आणि पावसातच ऊन. ते थांबलं तेव्हा वारा सुटला. प्रत्येक वेळी आभाळ निवळलं की मला वाटायचं, सुटले. प्रत्येक वेळी पुढचा ढग मागच्यापेक्षा काळा असायचा. समोरच्या कालव्यावरचे बगळे कधी उडून गेले ते कळलं नाही. साडी ओली होऊन जड झाली होती आणि बांबू वाकताना करकरत होता. मी आणखी दोऱ्या बांधल्या.

सात वाजता दार वाजलं. म्हातारा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो वर आला होता.

"मेवराउ," तो म्हणाला. बाईंना अदबीने म्हणायचा हा शब्द, पण त्याच्या तोंडी तो टोमणाच वाटायचा. "सात वाजले. केअरटेकरने मला सांगितलंय."

"सूर्य अजून वर आहे. माझं ठरलं होतं सूर्यास्ताचं."

"सातचं."

"तुमची घड्याळं तुम्ही फिरवलीत. सूर्य कोणी फिरवला?"

तो माझ्या खांद्यावरून आभाळाकडे बघत होता. पश्चिमेला काळ्या ढगाखाली पिवळ्या उजेडाची एक पट्टी होती, बाकी काही नाही.

"आमच्याकडे म्हणतात, मार्च जाता जाता वादळाची शेपूट हलवतो. आज दिवसभर त्याने फक्त तोंड दाखवलंय. ते भांडं काढा."

"साडेआठ," मी म्हटलं. सवय. तो आठ म्हणेल, मी सव्वाआठला तयार होईन.

तो वळून निघून गेला. तक्रार करायला गेला, असं समजून मी चरफडत बाल्कनीत आले आणि खाली पाहिलं. तो सायकलींच्या रस्त्याच्या कडेला, बरोबर माझ्या बाल्कनीखाली उभा होता. छत्री नाही. मान वर करून तांब्याकडे बघत होता. मग त्याने रस्त्याकडे तोंड केलं आणि एक हात आडवा धरला.

वारा एकदम पडला. मी पहिल्या गाठीला हात घातला, तोच गारांचा लोट इमारतीवर आदळला. बांबू मधोमध मोडला. साडी माझ्या तोंडावर आली. तांब्या गेला. खालून आवाज आला, आणि मग फक्त गारांचा.

मी जिन्याने धावत उतरले. रस्ता पांढरा झाला होता. म्हाताऱ्याच्या हातापासून थोडं अलीकडे एक बाई पुढे पेटी असलेली सायकल थांबवून, एक पाय टेकून उभी होती. पेटीत दोन मुलं. त्याने हात खाली घेतला, मान हलवली, बाई निघून गेली. मग त्याने वाकून तांब्या उचलला. एक बाजू आत गेली होती. तो घेऊन म्हातारा इमारतीत लिफ्टकडे चालू लागला, मी मागोमाग.

"द्या," मी म्हटलं.

"काही पडलंय का?"

मी हात पुढे केला.

"हे माझ्याकडे आहे तोवर काही पडलेलं नाही. कपडे आत वाळवायचे. खिडकी लावून स्वयंपाक."

"किती दिवस?"

"इथे आहात तोवर."

"जूनपर्यंत. नंतर तांब्या मला."

लिफ्टचं दार उघडलं. तो आत गेला, दार मिटलं. जन्मात पहिल्यांदा समोरच्याने आकडा न बोलताच सौदा संपवला होता. मी बाहेर आले तर ढगाखालून ऊन आलं होतं. सूर्य मावळला नव्हता.

खोली टिकली. शिक्षण झालं, स्लोटरडाइकला नोकरी लागली. खोली सोडायच्या दिवशी मी तांब्या मागायला चौथ्या मजल्यावर गेले. म्हाताऱ्याने दार अर्धंच उघडलं. "अफस्प्राक," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्या मुलांचं मला कोणी सांगायला नको, पेटीतले दोन्ही चेहरे मला पाठ आहेत. पण माझा शब्द सूर्यास्ताचा होता, हे मी आजही म्हणते. आई दर पाडव्याला तांब्याची चौकशी करते. जपून ठेवलाय, असं मी सांगते, आणि ते खोटं नाही.

या मार्चमध्ये डीमनला गेले होते. चौथ्या मजल्याच्या खिडकीत तांब्या सुलटा ठेवलेला दिसला, त्यात पिवळे डॅफोडिल. चेपलेली बाजू बाहेरच्या अंगाला. ऊन लख्ख होतं. मी छत्री आणली नव्हती, आणि पश्चिमेकडून पुन्हा काळं चढत होतं.